एडीआरचा पेपर खरोखर घ्यायचा ठरवलं तर: लॉच्या वर्गाला मध्यस्थी शिकवण्याचं एक सत्र

एलएलबी तीन वर्षांची असो की पाच वर्षांची, 'पर्यायी वाद निवारण' (एडीआर) हा प्रात्यक्षिक पेपर सक्तीचा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांत तो कसा घ्यायचा हेही लिहिलंय: अनुभवी वकिलांनी शिकवायचा, सिम्युलेशन आणि केस स्टडी वापरायच्या, मूल्यमापनाचा मोठा भाग प्रात्यक्षिकावर ठेवायचा. 2020 मध्ये कौन्सिलनं मध्यस्थी, म्हणजे तटस्थ माणसाच्या मदतीनं पक्षकारांनी स्वतःच तडजोड काढणं, हा विषयही सक्तीचा केला. आणि तरी बऱ्याच कॉलेजांत काय चालतं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. 1996 चा लवाद कायदा कलमवार फळ्यावर होतो, लोकअदालतीवर एक टिपण होतं, जर्नल मागच्या बॅचचं समोर ठेवून उतरवलं जातं आणि व्हायवात 'लवाद आणि मध्यस्थी यांतला फरक सांगा' एवढ्यावर गुण पडतात.

जून ते ऑक्टोबर 2025 या सत्रात हा पेपर नियमात लिहिलाय तसा घेतला. पटावर 60 विद्यार्थी, दोन शिक्षक, मदतीला मध्यस्थी केंद्राच्या पॅनेलवरच्या एक वकील. कुठल्या महिन्यात काय केलं, कशाला किती वेळ आणि पैसा लागला, काय फसतं आणि का, ते क्रमानं लिहितोय. ज्यांच्या गळ्यात हा पेपर पुढच्या सत्रात पडणार आहे त्यांच्यासाठी.

पहिलं काम वेळापत्रकाचं, आणि ते जूनमध्येच करायला हवं. एका तासाच्या लेक्चरमध्ये रोलप्ले बसत नाही. मुलं भूमिका वाचून खुर्च्या फिरवेपर्यंत 20 मिनिटं जातात, बोलणं रंगात येतं तेव्हा घंटा होते आणि चर्चा राहूनच जाते. सलग अडीच तास लागतात: 20 मिनिटं तयारी, 75 मिनिटं प्रत्यक्ष बैठक, उरलेला वेळ चर्चा. त्यासाठी शनिवारचे दोन पेपर एकमेकांशी बदलून घ्यावे लागले. वेळापत्रक एकदा नोटीस बोर्डावर लागलं की कोणी बदलू देत नाही, तेव्हा ते लागायच्या आत सहकाऱ्यांना गाठा. खोल्याही आत्ताच मागून ठेवा. एका वर्गात जास्तीत जास्त तीन गट बसतात, चौथा आला की कोणालाच काही ऐकू येत नाही.

दुसरं काम पत्रव्यवहाराचं. बाहेरचा प्रशिक्षक हवा असेल तर सरळ मार्ग म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. पत्र प्राचार्यांच्या सहीचं, प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे, जावक क्रमांकासह. प्रशिक्षित मध्यस्थ पाठवण्याची विनंती आणि लोकअदालत पाहायला परवानगी, या दोन मागण्यांची दोन वेगळी पत्रं द्या. एका पत्रात घातल्या तर एकीला उत्तर मिळतं आणि दुसरी विसरली जाते. विद्यार्थ्यांची यादी, सोबत येणाऱ्या शिक्षकांची नावं आणि दोन पर्यायी तारखा जोडा. टपालानं न पाठवता हातानं नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पुढे विचारायला गेल्यावर 'आवक क्रमांक काय?' हाच पहिला प्रश्न असतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दिलेल्या पत्राचं उत्तर ऑगस्टच्या मध्यावर आलं. त्यात कोणाचा दोष नाही. नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) आणि सर्वोच्च न्यायालयाची मध्यस्थी समिती यांची 90 दिवसांची मोहीम 1 जुलैपासून देशभर सुरू होती आणि पॅनेलवरचे सगळेच त्यात गुंतलेले होते. एरवीसुद्धा किमान सहा आठवडे हातात ठेवावेत, आणि मे महिन्याची व दिवाळीची सुट्टी सोडून तारीख मागावी.

उत्तराची वाट पाहण्याच्या काळात कायदा उरकून घेतला. उरकून हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण चार लेक्चरच्या वर याला वेळ दिला की प्रात्यक्षिक मरतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 89, म्हणजे न्यायालयानं वाद तडजोडीच्या मार्गांकडे पाठवणं, जे 1 जुलै 2002 पासून लागू झालं. वाणिज्य न्यायालय कायद्याचं कलम 12-अ, म्हणजे तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी. ती सक्तीची असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात सांगितलं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987. आणि मध्यस्थी कायदा, 2023: पहिल्या हजेरीपासून 120 दिवस, दोन्ही पक्षांच्या संमतीनं आणखी 60, गोपनीयता, आणि तडजोडीची हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी. हा कायदा एकदम लागू झालेला नाही. काही कलमं 9 ऑक्टोबर 2023 ला अंमलात आली. कुठलंही कलम शिकवण्याआधी ते लागू आहे का हे राजपत्रात पाहून घ्या. गाइडमध्ये सगळाच कायदा चालू असल्यासारखा छापलेला असतो.

या भागात एकच गोष्ट सावकाश शिकवण्यासारखी आहे: कुठलं प्रकरण मध्यस्थीला जातं आणि कुठलं जात नाही. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा अॅफकॉन्सचा निकाल पुरतो. कलम 89 लिहिताना 'मध्यस्थी' आणि 'न्यायिक तडजोड' यांच्या व्याख्यांची अदलाबदल झाली आहे हे न्यायालयानं त्यातच दाखवून दिलं. मुलांना ते ऐकायला भारी आवडतं. पण कामाची आहे ती यादी. निवडणुकीचे वाद, प्रातिनिधिक दावे, खोटे दस्त किंवा गंभीर फसवणुकीचे आरोप, अज्ञान (वयानं सज्ञान नसलेले) किंवा देवस्थान यांच्याविरुद्धचे दावे सर्वसाधारणपणे बाहेर; करार, वाटप, शेजारी, नवरा-बायको, ग्राहक असे वाद आत. चार-चार ओळींच्या दहा हकिकती देऊन वर्गाकडून वर्गवारी करून घेतली. गाडी अडते ती फसवणुकीवर. आपल्याकडे दर दुसऱ्या वादपत्रात 'प्रतिवादीने फसवणूक केली' असं वाक्य असतंच, म्हणून प्रत्येक दावा बाहेर काढायचा का? हा वाद वर्गात होऊ द्यावा, शिक्षकानं लगेच उत्तर देऊ नये.

ऑगस्टमध्ये पहिला रोलप्ले. इथून पुढे सगळं यश-अपयश भूमिकांच्या कागदांवर अवलंबून असतं. लेक्चर चांगलं-वाईट झालं तरी निभावतं, कागद कच्चा असला तर अडीच तास वाया.

पहिल्या खेपेला सोपी केस घ्या: भाडेकरू आणि घरमालक, अनामत रक्कम परत देण्याचा वाद. सहा जणांचा गट: दोन पक्षकार, दोघांचे दोन वकील, एक मध्यस्थ, एक निरीक्षक. 60 मुलांचे 10 गट. दोन पानी सामायिक हकिकत सगळ्यांना, एक पानी गुप्त सूचना फक्त पक्षकाराला आणि त्याच्या वकिलाला, निरीक्षकाला एक तक्ता. म्हणजे 120 अधिक 40 अधिक 10, एकूण 170 पानं. दोन रुपये पानानं 340 रुपये. कॉलेज यापेक्षा जास्त पैसे हारांवर घालवतं. वकीलबाईंनी मानधन घेतलं नाही, जाण्यायेण्याचा खर्च कॉलेजनं दिला. चहा-नाश्ता धरून खर्चाची बाजू एवढीच.

गुप्त कागदावर चार गोष्टी लागतात. पक्षकार तोंडानं काय मागतो. त्याला मुळात कशाची गरज आहे. तडजोड झाली नाही तर त्याच्या हातात काय उरतं. आणि चौथी, जी बहुतेक तयार नमुन्यांत नसते: कुठली गोष्ट तो नीट विचारल्याशिवाय सांगणार नाही. ही चौथी ओळ नसेल तर मुलं पाच मिनिटांत सगळं ओकून मोकळी होतात आणि मध्यस्थाला करायला काही उरत नाही.

आकड्यांचं गणितही बसवावं लागतं. देणारा जास्तीत जास्त किती देईल आणि घेणारा कमीत कमी किती घेईल, यांत थोडीशीच एकमेकांवर चढणारी जागा ठेवा. जागा मोठी असली की सगळे गट दहा मिनिटांत मोकळे. जागाच नसली तर मुलं 'मध्यस्थीनं काही होत नाही' हा निष्कर्ष घेऊन घरी जातात. दोन्ही बाजूंच्या कागदांवरच्या तारखा आणि रकमा जुळवून पाहा. एका कागदावर करार 11 महिन्यांचा आणि दुसऱ्यावर दोन वर्षांचा असला तर अख्खा वेळ त्यावर भांडण्यात जातो, आणि कोणाचंच खोटं नसतं.

आता काय फसतं ते.

सुरुवातीचं निवेदन. मध्यस्थानं स्वतःची ओळख करून द्यायची, आपण न्यायाधीश नाही हे सांगायचं, येणं-जाणं ऐच्छिक आहे, इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, मधेच वेगळं बसून बोलू शकतो, आधी एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं तोडायचं नाही. तीन-चार मिनिटांचं काम. मुलं एक तर पाठ करून घडाघडा म्हणतात, नाहीतर मूट कोर्टच्या सवयीनं उभी राहतात. एका गटात मध्यस्थ म्हणाला, "तुम्हा दोघांनाही न्याय मिळवून देईन." इतक्या चांगल्या मनानं म्हणाला की हसू यावं, पण वाक्य चुकीचंच. पाठांतरावर उपाय म्हणजे हे निवेदन बसून, मराठीत, समोर पक्षकार म्हणून कॉलेजच्या कार्यालयातला कोणी कर्मचारी बसवून म्हणायला लावा. 'गोपनीयता' शब्द न वापरता गोपनीयता समजावता आली पाहिजे.

प्रश्न. दोन वर्षं उलटतपास शिकलेला विद्यार्थी प्रश्न विचारतो तो समोरच्याला पकडायला. "म्हणजे तुम्ही भाडं थकवलं होतं, हे खरं आहे ना?" असा प्रश्न आला की पक्षकार मिटतो. याला एक साधा नियम पुरला: पहिली 20 मिनिटं ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं येईल तो प्रश्न बाद. निरीक्षकानं असे प्रश्न मोजायचे. दुसरा नियम, पहिली 20 मिनिटं कोणीही आकडा बोलायचा नाही, वकिलांनी तर नाहीच. हा नियम नसला तर 40 हजार आणि 10 हजार यांच्या मधले 25 हजार धरून गट मोकळा होतो. त्याला बाजार म्हणतात, आणि तो करायला तिसरा माणूस लागत नाही.

ऐकलेलं परत मांडणं. हे कौशल्य वेगळं काढून घोटून घ्यावं लागतं. फळ्यावर रागाचं वाक्य लिहायचं आणि त्यातला डंख काढून, पण मुद्दा न गमावता, ते परत म्हणायला लावायचं. "हा माणूस लबाड आहे, विहिरीच्या खर्चात यानं मला लुटलं." वर्गाचं पहिलं उत्तर बहुधा येतं, "तुमचे काही गैरसमज झालेत." हे त्या माणसाला आणखी चिडवणारं उत्तर. चालेल असं उत्तर: "विहिरीवर किती खर्च झाला याचा हिशेब तुम्हाला बघायलाच मिळाला नाही, हे तुम्हाला खटकतंय." अशी वीसेक वाक्यं तयार ठेवा. जागा भरून काढायला नाही, रोज दहा मिनिटं करायला.

सप्टेंबरमध्ये लोकअदालत. राष्ट्रीय लोकअदालत 13 सप्टेंबरला, शनिवारी होती. मुलांना ती दाखवायचीच, पण आधी एक बजावून: आपण बघायला चाललोय ती मध्यस्थी नाही. तिथे पॅनेल असतं, एका दिवसात खूप प्रकरणं असतात, पॅनेल तडजोडीचा आकडा सुचवतंही. मोटार अपघात, धनादेश न वटल्याची प्रकरणं, बँकांची दाखलपूर्व वसुली हा मुख्य माल. झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो, त्यावर अपील नाही, दावा तडजोडीनं निघाला तर कोर्ट फी परत मिळते. अपील नसलं तरी अगदी मर्यादित कारणांवर उच्च न्यायालयात रिट जाऊ शकते, हे 2008 च्या जलौर सिंग निकालात आहे. प्रत्येक विद्यार्थ्यानं एकाच पॅनेलसमोर बसून तीन प्रकरणं टिपायची: कोण किती बोललं, पक्षकार स्वतः बोलला की वकीलच, आणि शेवटचा आकडा कोणाच्या तोंडून आला. हॉलभर हिंडत राहिलं की काही दिसत नाही. सकाळी लवकर जा. दुपारनंतर बरीचशी सह्यांची घाई असते.

खरी मध्यस्थी पाहता येईल का, असं मुलं विचारतातच. साधारणपणे नाही, आणि का नाही हे समजणं हाच धडा आहे. बंद दाराआडच्या बोलण्यावर सगळी इमारत उभी. तिथे दहा विद्यार्थी वह्या घेऊन बसले तर पक्षकार तोंड उघडेल कशाला? जाता जाता: नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलसाठी सगळ्या उपक्रमांचे जिओटॅग फोटो मागितले जातात. मध्यस्थी केंद्राच्या दारावरच्या पाटीचा फोटो काढा आणि थांबा. आतला फोटो कोणी मागितला तर त्याला मध्यस्थी कायद्याचं गोपनीयतेचं कलम 22 वाचायला द्या.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात मोठी केस. वाटपाचा दावा: आई-वडील वारलेले, गावाकडे 4 एकर 20 गुंठे बागायत, एक विहीर, एक घर. थोरला कसतो, धाकटा शहरात नोकरीला, त्यानं दावा लावलाय. बहीण प्रतिवादी क्रमांक 2. दोन्ही भावांना वकील आहेत, बहिणीला नाही, आणि हे मुद्दाम. सात जणांचे आठ गट होतात, उरलेले चौघं जादा निरीक्षक. शनिवारी कोणी ना कोणी गैरहजर असतंच, तेव्हा हे चौघं राखीवही.

थोरल्याच्या गुप्त कागदावर: विकास सोसायटीचं पीककर्ज थकलंय, भावंडांना माहीत नाही, विहिरीकडचा तुकडा सोडायचा नाही. धाकट्याच्या कागदावर: जमीन कसायची नाही, फ्लॅटच्या पैशांसाठी मार्चआधी रक्कम हवी, पण वडिलांची जमीन परक्याला विकली असं गावानं म्हणता कामा नये. बहिणीच्या कागदावर: दोघंही हक्कसोडपत्रावर सही मागताहेत, मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीची अडचण आहे, कोणी थेट विचारलं नाही तर सांगायचं नाही. तयार नमुन्यांत बहिणीची भूमिका हमखास 'माहेर तुटू नये एवढीच इच्छा' अशी लिहिलेली असते. तसा कागद देऊ नका. तिला पैशांची गरज दिली की मगच कळतं, गटात तिला कोणी विचारतं का ते.

आठांपैकी बऱ्याच गटांत झालं ते असं. दोन भाऊ आणि दोन वकील तासभर बोलले, रक्कम ठरत आली, आणि मध्यस्थ बहिणीकडे वळून म्हणाला, "ताई, तुमचं काही म्हणणं नाही ना?" प्रश्नातच उत्तर. ती विद्यार्थिनी कागदाला जागून "नाही" म्हणाली. चर्चेत निरीक्षकानं मिनिटं वाचून दाखवली: थोरला 22, धाकटा 19, बहीण 3. यावर भाषण द्यायची गरज पडली नाही.

कायदा इथे जोडून द्यावा. मुलीचा सहदायिकीतला, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतला, हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं आला, तो जन्मानं आहे आणि वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही, हे 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालानं पक्कं झालं. मग मध्यस्थानं तिला 'तुमचा हिस्सा आहे' असं सांगायचं का? सल्ला दिला तर तटस्थपणा जातो. गप्प राहिलं तर अजाणतेपणी सही होते. वकीलबाईंनी दाखवलेली वाट अशी: बैठक थांबवा, तिच्याशी वेगळं बोला, सही करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यायचा आहे का ते विचारा आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो हे सांगा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. एवढ्यानं ती बैठक त्या दिवशी संपते. संपू द्यावी.

स्वतंत्र बैठक, ज्याला सगळे कॉकसच म्हणतात, तिथे गुपित फुटतं. उघडपणे कोणी फोडत नाही. धाकट्याशी बोलून आलेला मध्यस्थ थोरल्याला सहज विचारतो, "समजा रक्कम मार्चच्या आत द्यावी लागली, तर जमेल?" संयुक्त बैठकीत 'मार्च' हा शब्द कोणीच काढलेला नव्हता. थोरल्याची वकील हुशार होती, तिनं वहीत मार्च लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आणि तिथून पुढे ती फक्त वेळ काढत राहिली. मध्यस्थाला शेवटपर्यंत कळलं नाही की रक्कम का वाढत नाही. उपाय जुना आणि सोपा आहे: प्रत्येक स्वतंत्र बैठक संपवताना विचारायचं, "यातलं त्यांना काय सांगू, काय नको?" आणि वहीत सांगण्याजोग्या गोष्टींभोवती गोल काढायचा. गोल नसलेलं काहीही, प्रश्नाच्या आडूनही, बाहेर जाता कामा नये. वेळही सारखा द्या. एकाशी 25 मिनिटं आणि दुसऱ्याशी 5 झाली की दुसरा बाहेर बसून शंका घेत राहतो.

वकिलाची भूमिका करणाऱ्यांकडे दुर्लक्ष होतं, खरं तर त्यांचंच शिक्षण जास्त महत्त्वाचं. या वर्गातले फार थोडे पुढे मध्यस्थ होतील, आणि तेही लगेच नाही. न्यायालयाशी जोडलेल्या मध्यस्थांचं मूळ प्रशिक्षणच 40 तासांचं असतं, त्याआधी वकिलीची वर्षं लागतात. कॉलेजच्या प्रमाणपत्रावर पॅनेल मिळत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. पण पक्षकाराला घेऊन मध्यस्थीच्या खोलीत सगळ्यांनाच बसावं लागणार आहे. तिथे वकिलाचं काम तीन ठिकाणी: आधी पक्षकाराकडून खरी गरज काढून घेणं, तडजोड नाही झाली तर दावा किती वर्षं आणि किती खर्चात पडेल हे प्रामाणिकपणे सांगणं, आणि संयुक्त बैठकीत गप्प बसता येणं. शेवटचं सगळ्यांत जड जातं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तडजोडीचा मसुदा. याला अख्खं एक सत्र ठेवा. बोलण्यात जुळलेली तडजोड कागदावर फसते आणि मग दरखास्तीत, म्हणजे अंमलबजावणीच्या अर्जात, पुन्हा तेच भांडण उभं राहतं. पहिल्या मसुद्यांत हमखास असतं: 'लवकरात लवकर', 'परस्पर सहकार्याने', 'योग्य ती रक्कम'. गट नंबर नाही, क्षेत्र नाही, चतुःसीमा नाहीत. पैसे कोणत्या तारखेला, कशानं, आणि नाही दिले तर काय, हे नाही. मोजणीची फी कोण भरणार, सातबारावर फेरफाराचा अर्ज कोण देणार, विहिरीचं पाणी कोणत्या वारी कोणाला, मोटरचं वीजबिल कोणाच्या नावे, हे तर कोणाच्या डोक्यातच येत नाही. आणि ज्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबारावर आहे, ते कोण फेडणार?

मसुदे आपापसांत बदलून तपासायला दिले. तपासणाऱ्या गटाला एकच सूचना: तुम्ही उद्या या कागदावर दरखास्त दाखल करणार आहात, तुम्हाला कुठे अडेल ते लाल शाईनं लिहा. शिक्षकानं तपासण्यापेक्षा हे दहापट बरं.

याच सत्रात कायद्याचे काही खड्डे दाखवून ठेवा. दिवाणी दाव्यातली तडजोड लेखी, सगळ्या पक्षकारांच्या सह्यांची हवी. दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर 23 नियम 3. दाव्याबाहेरची स्थावर मिळकत तडजोडीत घातली तर नोंदणीचा प्रश्न येतो. नोंदणी कायद्याच्या कलम 17 मधली सूट दाव्यातल्या मिळकतीपुरती आहे. सरकारसारा असलेली जमीन प्रत्यक्ष वाटून देण्याचं काम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. आणि 4 एकर 20 गुंठ्यांचे तीन-चार तुकडे पाडताना तुकडेबंदी कायद्याचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, पाहिलं का? कागदावर सुंदर दिसणारी वाटणी तिथे अडू शकते. ज्या गटांचं काम लवकर झालं त्यांना आणखी एक वळण दिलं: एक मधला भाऊ होता, तो वारला, त्याचा 14 वर्षांचा मुलगा आहे. मग ऑर्डर 32 नियम 7 प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याच्या वतीनं तडजोड करता येत नाही, आणि अॅफकॉन्सच्या यादीत अज्ञानांबद्दल काय म्हटलंय ते मुलं आपणहून पुन्हा उघडतात.

गुण कसे द्यायचे? लेखी आणि प्रात्यक्षिकाची विभागणी विद्यापीठागणिक वेगळी असते, आपल्या परिपत्रकाप्रमाणे करा. रोलप्लेच्या 20 गुणांची फोड आमच्याकडे अशी ठेवली: सुरुवातीचं निवेदन 3, ऐकणं आणि प्रश्न 6, स्वतंत्र बैठक 5, तडजोडीचा मसुदा 6. तडजोड झाली म्हणून गुण नाहीत आणि मोडली म्हणून कमी नाहीत, हे लेखी स्वरूपात आधीच वाटलं. तसं केलं नाही की मुलं गुणांसाठी पक्षकाराला गळ घालून सही करवतात. पुढे वकिलीत हीच सवय लागते. प्रत्येकानं सत्रात एकदा तरी मध्यस्थ आणि एकदा तरी वकील व्हायला हवं, म्हणून पहिल्या शनिवारीच फिरती यादी लावून टाका. नाहीतर बोलकी पोरं मध्यस्थ आणि लाजरी कायम निरीक्षक.

चर्चेचा क्रमही ठरलेला हवा. आधी पक्षकार बोलतात: कुठल्या क्षणी मोकळं वाटलं, कुठे मिटलो. मग निरीक्षकाचा तक्ता. मग मध्यस्थ. शिक्षक शेवटी, आणि दहा मिनिटांच्या आत. शिक्षकानं आधी तोंड उघडलं की बाकीचे माना डोलावतात. गुप्त कागद चर्चेच्या शेवटी उघडे करायचे आणि मोजून परत घ्यायचे. एक जरी कागद बाहेर राहिला तर दिवाळीच्या आत तो व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतो आणि पुढच्या बॅचला ती केस वापरता येत नाही.

जर्नलसाठी प्रत्येकाची चार कागदपत्रं पुरेशी झाली: मध्यस्थ म्हणून केलेल्या बैठकीची दोन पानी नोंद, लोकअदालतीचं निरीक्षण, लाल शाईच्या खुणांसकट पहिला मसुदा, आणि सुधारलेला मसुदा. बैठकीच्या नोंदीत पक्षकार काय म्हणाला ते लिहायचं नाही, मध्यस्थानं काय केलं ते लिहायचं. केस खोटी असली तरी ही शिस्त पाळायला लावा. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना हे आधी फोन करून सांगून ठेवा. त्यांना सुबक अक्षरात उतरवलेल्या जर्नलांची सवय असते, आणि लाल शाईनं बरबटलेला मसुदा पाहून पहिला प्रश्न येतो की ही फेअर कॉपी का नाही.